कमी ओहमचे जुने स्पीकर आणि त्यांना पेलणारा अ‍ॅम्प: पहिल्यांदाच जोडणाऱ्यांसाठी

मामांनी १९७४ साली अमेरिकेहून आणलेली एआर-३ए स्पीकरांची जोडी आमच्या नाशिकच्या भद्रकालीतल्या वाड्याच्या माळ्यावर वीसेक वर्षं पडून होती. वाडा उतरवायचा ठरला तेव्हा ती माझ्याकडे आली. एकेक पेटी चोवीस किलोच्या आसपास. गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आणून मी ती पुसली आणि टीव्हीला जोडलेला एव्ही रिसीव्हरच (त्यात अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर असतोच) तिला लावला. तानपुरा लागला आणि खोली भरून गेली. मग तबलजींनी डग्ग्यावर पहिली जोरकस घुमक काढली आणि रिसीव्हरच्या पोटात ‘खट्’ झालं. आवाज बंद, समोर लाल दिवा.

त्यानंतर मी एका दुकानातून ‘दोनशे वॅट आहे, काहीही चालेल’ या भरवशावर दुसरा अ‍ॅम्प आणला. तो तीन आठवडे टिकला. चौथ्या आठवड्यात जळका वास आला आणि आउटपुट ट्रान्झिस्टर गेले. सुदैवाने वूफर, म्हणजे पेटीतले खर्जाचे मोठे स्पीकर, वाचले. मूळ चूक माझीच होती, कारण मी वॅट बघून अ‍ॅम्प घेतला आणि या स्पीकरांना हवा असतो करंट. ही गोष्ट कळायला मला आठ महिने लागले. तुमच्या घरीही अशी जुनी जोडी आली असेल, तर खालच्या क्रमाने चला.

आधी जमवायचं सामान आणि कागद

- डिजिटल मल्टिमीटर, साधा चालेल
- दीड व्होल्टचा सेल
- १०० वॅटचा पिवळा फिलामेंटचा बल्ब, होल्डर आणि बोर्ड (सिरीज बल्बसाठी)
- १० ओहम १० वॅटचा एक रेझिस्टर
- ४ ओहम १०० वॅटचे, अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातले दोन रेझिस्टर
- कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे
- फोनमध्ये टोन काढणारं एखादं फुकट अ‍ॅप
- अ‍ॅम्पचं माहितीपत्रक किंवा सर्व्हिस मॅन्युअल, आणि नवा असेल तर वॉरंटीचा कागद
- एक वही. सगळे आकडे तारीख घालून लिहा.

बाकीचं बहुतेक सामान नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडच्या बाजूला मिळून जातं. १०० वॅटचे रेझिस्टर मी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणले. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने गेलो आणि रात्री घरी.

## १. ‘कमी ओहम’ म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, वाहणारं पाणी म्हणजे करंट आणि नळ म्हणजे स्पीकर. ८ ओहमचा स्पीकर हा अर्धवट उघडा नळ. ४ ओहमचा त्याहून जास्त उघडा, २ ओहमचा जवळजवळ सताड. टाकी कितीही उंच असो, खाली येणारा पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर नळ सताड उघडल्यावर धार बारीकच होणार. अ‍ॅम्पमध्ये हा पाइप म्हणजे ट्रान्सफॉर्मर, फिल्टर कपॅसिटर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर.

आता आकडे बघा. ८ ओहमला १०० वॅट देणारा अ‍ॅम्प २८.३ व्होल्ट काढतो आणि ३.५ अ‍ॅम्पिअर करंट देतो. तेच व्होल्टेज ४ ओहमवर टिकवायचं तर ७ अ‍ॅम्पिअर लागतात आणि वॅट होतात २००. २ ओहमवर १४ अ‍ॅम्पिअर आणि ४०० वॅट. आवाजाचं बटण तिथंच आहे, गाणं तेच आहे, मागणी मात्र चौपट झाली.

पेटीच्या मागे लिहिलेला ओहमचा आकडा नाममात्र असतो. इंपीडन्स, म्हणजे वाजताना स्पीकरचे प्रत्यक्ष ओहम, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलतो. १९५७ सालच्या क्वाडच्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचा इंपीडन्स वरच्या स्वरांकडे घसरत जातो. इन्फिनिटीच्या कप्पा ९ चा काही ठिकाणी १ ओहमच्याही खाली जातो. अपोजी सिंटिला तर १ ओहमचाच म्हणून ओळखला जातो. एआर-३ए (१९६७) त्यांच्याइतका कठीण नाही. तो ४ ओहमचा, पण त्याची सेन्सिटिव्हिटी कमी, म्हणजे तेवढ्याच वॅटला आवाज कमी. त्यामागे कारण आहे. एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली एआर, म्हणजे अकूस्टिक रिसर्च, ही कंपनी काढली, तीच मुळी बंद पेटीतल्या हवेला स्प्रिंगसारखं वापरण्याच्या कल्पनेवर. त्यामुळे लहान पेटीतून खोल खर्ज मिळाला. त्या खर्जाची किंमत म्हणजे स्पीकर जास्त पॉवर खातो.

आणखी एक गोष्ट आहे आणि बहुतेक अ‍ॅम्प तिथंच जळतात. स्पीकरमध्ये व्होल्टेज आणि करंट एका लयीत चालत नाहीत. एक समेवर येतो तेव्हा दुसरा मात्राभर मागे किंवा पुढे असतो. याला फेज अँगल म्हणतात. साध्या रेझिस्टरवर करंट सर्वांत जास्त असतो तेव्हा ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज कमी उरलेलं असतं. फेज सरकली की त्याच ट्रान्झिस्टरला भरपूर व्होल्टेज आणि भरपूर करंट एकाच वेळी सोसावा लागतो. ती सगळी उष्णता आतच राहते. म्हणून ‘४ ओहम’ छापलेला एखादा स्पीकर अ‍ॅम्पला प्रत्यक्षात २ ओहमसारखा जड जातो.

## २. अ‍ॅम्पच्या आधी स्पीकर तपासा

ही पायरी गाळू नका. बिघडलेला स्पीकर चांगला अ‍ॅम्पही मारतो.

वूफरची कड. जाळी काढा. कडेचा फोम बोटाच्या टोकाने अगदी हलका दाबा. बोटाला काळपट चिकट भुगा लागला तर फोम मेला आहे, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो लवकर मरतो. जुन्या एआरमध्ये कापडी कड असलेले वूफरही होते, ते जास्त टिकतात. कड धड असेल तर दोन्ही हातांची बोटं कोनच्या (वूफरच्या शंकूसारख्या पडद्याच्या) मध्याभोवती सारख्या अंतरावर टेकवून कोन अर्धा सेंटिमीटर आत दाबा आणि सोडा. बंद पेटी असेल तर कोन सावकाश, श्वास सोडल्यासारखा परत यायला हवा. टचकन आला तर पेटी कुठंतरी हवा सोडते आहे. दाबताना खरखर ऐकू आली तर कॉइल घासते आहे. तसा वूफर वाजवायचा नाही, आधी दुरुस्तीला द्यायचा.

मागची बटणं. एआरच्या मागे मिड (मधल्या स्वरांचा स्पीकर) आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचा) यांचा आवाज कमी-जास्त करणारी दोन गोल बटणं असतात. ती आतून हिरवी होऊन गंजतात. माझ्या एका पेटीचा ट्वीटर ‘गेला’ असं तिघांनी सांगितलं होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवलं आणि तो बोलायला लागला. नवा ट्वीटर शोधत हिंडण्याआधी एवढं कराच.

क्रॉसओव्हरचे (वूफर, मिड आणि ट्वीटरमध्ये स्वर वाटून देणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर. पन्नास वर्षांत त्यांच्या किमती सरकतात, काही शॉर्ट होतात. शॉर्ट झालेला कपॅसिटर खर्ज थेट मिडवर पाठवतो आणि एकूण ओहम आणखी खाली ओढतो. मोजमाप विचित्र आलं तर आधी इथं संशय घ्या.

पोलॅरिटी. सेलचं प्लस लाल टर्मिनलला आणि मायनस काळ्याला क्षणभर टेकवा. कोन बाहेर यायला हवा, दोन्ही पेट्यांत सारखाच.

## ३. ओहम मोजा, छापील आकड्यावर थांबू नका

मीटर २०० ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स लिहून घ्या, तो नंतर वजा करायचा आहे. माझ्या मीटरवर स्पीकर ३.२ आला, पिना ०.४, म्हणजे खरा २.८ ओहम. नवखी माणसं इथं घाबरतात. ४ ओहमच्या स्पीकरला डीसी मोजमाप ४ च्या खालीच येतं, त्यात दोष काही नाही. पण दोन पेट्यांत अर्ध्या ओहमहून जास्त फरक असेल तर क्रमांक २ वर परत जा.

याने फक्त वूफरची बाजू कळते. पुढे प्रत्यक्ष इंपीडन्स बघायचा तर १० ओहमचा रेझिस्टर स्पीकरच्या सिरीजमध्ये लावा, फोनवरून अ‍ॅम्पमार्फत टोन द्या, आवाज अगदी हळू ठेवा, आणि एसी व्होल्ट दोन ठिकाणी मोजा: रेझिस्टरवर आणि स्पीकरवर.

इंपीडन्स = १० × स्पीकरवरचे व्होल्ट ÷ रेझिस्टरवरचे व्होल्ट

मला १५० हर्ट्झला रेझिस्टरवर २.० आणि स्पीकरवर ०.७२ व्होल्ट मिळाले, म्हणजे ३.६ ओहम. २० पासून ४०० हर्ट्झपर्यंत दहा-बारा ठिकाणी मोजा आणि वहीत आलेख काढा. चाळीसच्या आसपास एक उंच टेकडी दिसेल, ती वूफरची रेझोनन्स. टेकडीच्या दोन्ही बाजूंचे उतार आणि पुढची दरी आपल्याला महत्त्वाची.

साधे मल्टिमीटर काहीशे हर्ट्झनंतर एसी व्होल्ट चुकीचे दाखवू लागतात, त्यामुळे वरच्या फ्रिक्वेन्सींचं मोजमाप त्यांच्यावर घेऊ नका. त्यासाठी संगणकावर आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि एक साउंड कार्ड पुरतं. क्वाडसारखा वर घसरणारा स्पीकर असेल तर ते करावंच लागेल.

## ४. तुम्हाला खरोखर किती लागतं ते काढा

ही पायरी मला कुणी आधी सांगितली असती तर एक अ‍ॅम्प वाचला असता. सध्या जो ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प हाताशी आहे त्यावर करता येते. ट्यूब (व्हॉल्व्हच्या) अ‍ॅम्पवर मात्र करू नका, कारण तो स्पीकरशिवाय चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

फोन ऑक्सला जोडा, बास-ट्रेबल मध्यावर ठेवा. तुम्ही कधीतरी रविवारी दुपारी, शेजारी गावाला गेलेले असताना, जेवढ्या मोठ्याने ऐकाल तेवढा आवाज लावा. त्यात अ‍ॅम्प प्रोटेक्शनला जात (स्वतःला वाचवायला बंद पडत) असेल तर जरा खाली थांबा. मग बटणाला हात न लावता अ‍ॅम्प बंद करा. स्पीकरच्या वायरी काढा. अ‍ॅम्प परत चालू करून त्याच फोनवरून, फोनचा आवाज तोच ठेवून, १०० हर्ट्झचा पूर्ण ताकदीचा टोन द्या आणि एका चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. काळी पिन त्याच चॅनेलच्या काळ्या टर्मिनललाच लावा, अ‍ॅम्पच्या पत्र्याला नको.

बारा बाय सोळाच्या माझ्या खोलीत ११ व्होल्ट आले. याचं शिखर ११ × १.४१ म्हणजे साडेपंधरा व्होल्ट. त्याला २.८ ओहमने भागलं की साडेपाच अ‍ॅम्पिअर. फेज आणि अचानक येणाऱ्या आघातांसाठी दुप्पट धरा: ११ अ‍ॅम्पिअर. आता वॅट बघा. ११ व्होल्ट ४ ओहमवर म्हणजे फक्त ३० वॅट! मला दोनशे वॅट कधीच लागत नव्हते. लागत होते तीस-चाळीस वॅट, पण असे की जे डग्ग्याच्या घुमकेला ११ अ‍ॅम्पिअर देऊन ढळणार नाहीत.

तुमचा आकडा वेगळा येईल. वाड्याच्या जुन्या दिवाणखान्यात, दाराखिडक्या उघड्या ठेवून ऐकत असाल तर बराच जास्त येईल.

## ५. अ‍ॅम्प निवडताना काय वाचायचं

८ ओहम आणि ४ ओहम, दोन्ही आकडे मागा. ८ ला ६० आणि ४ ला ११० असेल तर पुरवठा दमदार आहे. ८ ला १०० आणि ४ ला ११० असेल तर पाइप बारीक आहे. ४ चा आकडाच दिलेला नसेल तर तो अ‍ॅम्प या कामासाठी नाही असं धरून पुढे जा. २ ओहमचा आकडा देणारे थोडेच, पण ते दिसले तर जरूर थांबा.

आकड्याच्या शेजारचं बारीक अक्षर वाचा. दोन्ही चॅनेल चालू, २० ते २०,००० हर्ट्झ, डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या खाली, असं लिहिलेलं असेल तर आकडा विश्वासाचा. ‘एक चॅनेल, १ किलोहर्ट्झ, १० टक्के’ असं असेल तर निम्म्याहून कमी धरा. ‘पीएमपीओ’ लिहिलं असेल तर तो आकडा वाचूच नका. अमेरिकेत १९७४ साली वॅट कसे जाहीर करायचे याचा नियम झाला. त्यानंतरच्या तिथल्या जुन्या रिसीव्हरांची माहितीपत्रकं म्हणून बरीच प्रामाणिक असतात.

उचलून बघा. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पमध्ये वजन म्हणजे लोखंड आणि तांबं. पाच किलोचा अ‍ॅम्प शंभर-शंभर वॅट सांगत असेल आणि आत स्विचिंग सप्लाय नसेल, तर तिथं पाणी मुरतंय.

आता सापळे. यातल्या प्रत्येकात कुणी ना कुणी माझ्यासमोर अडकलं आहे:

- मागचा ४/८ ओहमचा स्विच. एव्ही रिसीव्हरमध्ये तो ४ वर टाकला की बहुधा आतलं व्होल्टेज कमी होतं. अ‍ॅम्प गार राहतो, ताकद वाढत नाही.
- ए आणि बी दोन्ही जोड्या एकत्र. बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये त्या पॅरलल होतात. ४ ओहमच्या दोन जोड्या म्हणजे अ‍ॅम्पला २ ओहम.
- ब्रिज मोड. ताकद वाढते खरी, पण प्रत्येक चॅनेलला स्पीकरचे निम्मे ओहम दिसतात. कमी ओहमच्या स्पीकरला ब्रिज केलेला अ‍ॅम्प लावायचा नाही.
- मंडपवाल्यांचा पीए अ‍ॅम्प. त्यावर ७० आणि १०० व्होल्ट लाइनची टर्मिनलं असतात. घरचा स्पीकर चुकूनही तिथं जोडू नका.
- ‘दुरुस्त केलेला’ जुना अ‍ॅम्प. टू एससी ५२०० आणि टू एन ३०५५ हे ट्रान्झिस्टर बाजारात नकली भरपूर. बाहेरून अक्षरं तीच असतात, आतली चिप लहान. ८ ओहमवर ते निभावतात, आपल्या स्पीकरवर नाही. कुठून घेतले ते मेकॅनिकला स्पष्ट विचारा.
- १२० व्होल्टचा अमेरिकन अ‍ॅम्प. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, अ‍ॅम्पच्या गरजेच्या दुप्पट क्षमतेचा. सातपूर-अंबडकडे वाइंडिंग करणाऱ्यांकडून तो बांधून घेता येतो. शिवाय फक्त ६० हर्ट्झसाठी बनलेला अ‍ॅम्प आपल्या ५० हर्ट्झवर गुणगुणतो आणि जास्त तापतो, हे लक्षात ठेवा.

ट्यूब अ‍ॅम्प आवडत असेल तर स्पीकर ४ ओहमच्या टॅपलाच जोडा. खर्जात पकड थोडी सैल वाटेल, गाण्याला मात्र तो गोड लागतो. क्लास डीचे नवे बोर्ड स्वस्त आहेत आणि काही खरोखर ताकदवान आहेत, पण बहुतेकदा त्यांच्यासोबत येणारा अ‍ॅडॉप्टर अपुरा असतो. ४८ व्होल्ट ५ अ‍ॅम्पिअरचा अ‍ॅडॉप्टर दोन्ही चॅनेल मिळून २४० वॅटच्या पुढे आत घेऊच शकत नाही, बोर्डवर काहीही छापलेलं असो.

नवा अ‍ॅम्प असेल तर वॉरंटीच्या कागदावर किमान किती ओहम चालतात ते वाचा. त्याखाली वापरला आणि जळला, तर वॉरंटी मिळत नाही.

## ६. पैसे देण्याआधी रेझिस्टरवर परीक्षा

४ ओहमचे दोन्ही रेझिस्टर जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बोल्टने कसा. अ‍ॅम्पच्या आउटपुटला काहीही न जोडता १०० हर्ट्झचा टोन देऊन दोन्ही चॅनेल १५ व्होल्टवर आणा. बंद करा, दोन्ही रेझिस्टर जोडा, चालू करा आणि लगेच व्होल्ट बघा. १५ व्होल्ट ४ ओहमवर म्हणजे ५६ वॅट, त्यामुळे दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका आणि रेझिस्टरला हात लावू नका.

चांगला अ‍ॅम्प १४.६-१४.८ वर उभा राहतो. माझा एव्ही रिसीव्हर १२.६ वर आला आणि आठव्या सेकंदाला रिले पडून बंद झाला. विकणारा हे करू द्यायला तयार नसेल तर मी तो अ‍ॅम्प घेत नाही.

## ७. वायर, जागा आणि वीज

घंटीची बारीक वायर, अर्ध्या स्क्वेअरची, पाच मीटर टाकली तर जाऊन-येऊन पाऊण ओहमच्या निम्मा, म्हणजे ०.३७ ओहम तिथंच जातो. २.८ ओहमच्या स्पीकरपुढे हा तेरा टक्के झाला. अडीच स्क्वेअरची घरगुती तांब्याची वायर घ्या, तोच आकडा ०.०७ वर येतो. महागड्या ‘ऑडिओ’ वायरीची गरज नाही. टोकं नीट पिळा, एकही तार बाहेर राहू देऊ नका. एक मोकळी तार दोन टर्मिनलांना टेकली की शॉर्ट.

अ‍ॅम्प शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका. वर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी तर नकोच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, त्यात हे स्पीकर अ‍ॅम्पला आधीच तापवतात. वर वीतभर जागा मोकळी हवी. टीव्हीचा छोटा स्टॅबिलायझर लावू नका. भिंतीतल्या तीन पिनच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच प्लग लावा. वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवा.

## ८. पहिल्यांदा जोडताना

अ‍ॅम्प जुना असेल तर स्पीकर न जोडता, आधी सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत सिरीजमध्ये बल्ब घालून, चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

मग बल्ब काढून थेट विजेवर पाच मिनिटं चालवा आणि दोन्ही चॅनेलवर डीसी व्होल्ट मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत उत्तम, ५० पर्यंत चालेल. १०० च्या वर असेल तर स्पीकर जोडायचा नाही.

हे झालं की अ‍ॅम्प बंद करून स्पीकर जोडा, आवाज शून्यावर ठेवून चालू करा. पहिला तासभर हळू आवाजात काहीतरी परिचयाचं लावा. दर वीस मिनिटांनी हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) तळहात ठेवा. पाच सेकंद ठेवता आला तर तापमान ठीक, लगेच काढावा लागला तर आवाज कमी करा आणि हवा खेळते का बघा. या क्रमाने निवडलेला अ‍ॅम्प जोडला त्या संध्याकाळी मी तबल्याची तीच रेकॉर्ड लावली. डग्ग्याची पहिली घुमक आली तेव्हा माझा हात नकळत स्विचवर गेला होता. ती घुमक शेवटपर्यंत वाजली, मामा खुर्चीत पुढे सरकून बसले आणि म्हणाले, ‘बाजू संपली की दुसरी लाव.’